पट्टा शेवटपर्यंत ओढा

शोरूममधला मुलगा म्हणाला,
मॅडम, ग्राउंड क्लिअरन्स दोनशे मिलिमीटर.
मी हवेतच बोटं ताणून मोजलं:
धड एक वीतही नाही.
आमच्या गावभागातल्या स्वयंपाकघरात
पुराची रेघ फ्रिजच्या हँडलपाशी आहे,
दोनदा रंग दिला तरी वर येते,
हे त्याला सांगून काय उपयोग.
त्यानं सनरूफ उघडून दाखवलं.
सुकुमारनं मान वर केली:
विश्रामबागचं आभाळ, त्यात एक घार,
आणि सात वर्षांचे हप्ते.

पांढरीला चार महिने थांबावं लागेल,
लाल लगेच मिळेल.
स्कूटरवरून घरी येताना दोघंही गप्प.
लाल कुणालाच नको होती.

मग जुनी.
मिरजेच्या दस्तगीर जमादारला सोबत घेतलं,
चाळीस वर्षं गाड्यांखाली झोपून
ज्याला वर बसणाऱ्यांचे स्वभाव कळतात.
माधवनगर रस्त्याला एक राखाडी होती,
बत्तीस हजार किलोमीटर, एकच मालक,
सीटकव्हरं कोरी, आत लिंबाचा वास.
‘एवढं लिंबू कशाला?’ दस्तगीर स्वतःशीच म्हणाला
आणि ड्रायव्हरच्या बाजूचा पट्टा
ओढत राहिला, ओढत राहिला,
आपण कधी ओढतच नाही तिथपर्यंत.
शेवटच्या वीतभर पट्ट्यावर
वाळलेली, मऊ, तपकिरी
कृष्णा.

हा गाळ मी ओळखते.
लेकीच्या पेटीच्या भात्यातून,
मिक्सरच्या बुडातून, लग्नाच्या अल्बममधून
टूथब्रशनं काढलाय मी तो.
एजंट म्हणाला, खिडकी राहिली असेल उघडी पावसात.
कुणी हसलं नाही.
मला राग यायला हवा होता,
पण डोळ्यांपुढे आला तो एकच मालक,
आठव्या दिवशी परत येऊन
दार उघडणारा,
आणि दारातून आधी बाहेर पडणारं पाणी.

चहाच्या गाड्यावर दस्तगीर म्हणाला,
‘वहिनी, पाण्यातली नको. धुळीतली बघू.
आपला जिल्हा अर्धा बुडतो, अर्धा टँकरची वाट बघतो.
गाडी टँकरवाल्या अर्ध्यातली घ्यावी.’

विट्याच्या पुढं, लेंगऱ्याकडं.
मुलगा कोइमतूरला, गलाईच्या धंद्यात,
दिवाळीला येतो, दिवाळीलाच चालवतो.
पाच वर्षांत अकरा हजार.
शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी होती ती,
पांढरीच,
वायपरखाली बाभळीच्या शेंगा,
बॉनेटवर कोंबडीचं एक पीस.
या वेळी पट्टा मीच ओढला.
शेवटपर्यंत.
बोटाला जराशी धूळ, पांढुरकी, कोरडी.
दस्तगीर खाली गेला, बराच वेळ गेला,
नुसते पाय दिसत होते त्याचे,
मग अंगठा.

मुलाचे वडील, निवृत्तीअण्णा, खाटेवरून उठून आले.
त्यांना गाडी चालवता येत नाही.
पण पोरानं सांगून ठेवलेलं, बॅटरी उतरते,
म्हणून दर रविवारी किल्ली फिरवून
वीस मिनिटं आत बसायचे, काचा वर करून.
‘कुठं जायचं न्हवतंच,’ म्हणाले.
‘त्याच टायमाला पोराचा फोन यायचा.
पुढनं, मागनं, दारातनं,
समद्या गाडीत त्याचाच आवाज.’

सुकुमार वीस हजार कमी करायचे ठरवून आला होता.
पाच झाले,
तेही अण्णांनीच आपणहून सोडले.

आता ती आमच्या दारात असते.
आयर्विन पुलाचं पाणी चाळीस फुटांवर गेलं
की विश्रामबागला नणंदेकडे नेऊन लावायची,
हे ठरलंय, माणसांचं नंतर बघू.
किल्ली फिरवली की पडद्यावर
ती आधी निवृत्तीअण्णांचा फोन शोधते,
तीन-चार सेकंद,
आणि मग आमचा घेते.
ऋजुता म्हणते, आई, काढून टाकू का हे नाव?
मी म्हणते,
तू आधी पट्टा लाव.